मेंदूतलं लोह आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

समोर बसलेल्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी बरीच आहेत, त्यामुळे आजार म्हणजे काय यावर वेळ घालवत नाही. आपलीच प्रतिकारयंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या मायलिनवर, म्हणजे त्यांच्यावरच्या आवरणावर तुटून पडते आणि जागोजाग चट्टे पडतात. एवढं धरून पुढे जाऊ. हा गोऱ्यांचा आजार आहे, असं अजूनही कानावर येतं. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो बराच आढळतो, हे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० सालीच दाखवून दिलं होतं.

आता लोहाकडे येतो. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. नव्या तांबड्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं आणि जेवणातून रक्तात शिरतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. मग बाकीचं येतं कुठून? आपल्या आज्या फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन नवी घ्यायच्या, तोच हिशेब. चारेक महिने वापरलेली तांबडी पेशी प्लीहेत मोडते, तिच्यातलं लोह निघतं आणि पुन्हा अस्थिमज्जेकडे जातं. पण जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराने ठेवलेलीच नाही. मूत्रपिंडं ते काम करत नाहीत. झडणाऱ्या पेशींबरोबर थोडं जातं, बायकांचं पाळीतून जातं, बस्स. म्हणून जो काही बंदोबस्त करायचा तो लोह आत घेतानाच.

हा बंदोबस्त कोण करतं, हे कळायला २००० साल उजाडावं लागलं. त्या सुमारास हेप्सिडिन सापडलं. यकृतात तयार होणारं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं संप्रेरक. पेशीतलं लोह रक्तात सोडणारं एकच दार असतं, त्याचं नाव फेरोपोर्टिन. हेप्सिडिन त्या दाराला चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. मग जेवणातलं लोह आतड्याच्या पेशीतच अडकून राहतं आणि दोन-चार दिवसांत ती पेशी झडली की शौचावाटे निघून जातं. इकडे प्लीहेतल्या पेशीही आपलं लोह सोडत नाहीत.

शरीरात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन असलं, की इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि हेप्सिडिन वाढतं. जंतूंनाही जगायला लोह लागतं, तेव्हा संसर्गाच्या काळात ते लपवून ठेवणं शहाणपणाचंच. पण दाह महिनोन् महिने चालला तर कोठार भरलेलं आणि अस्थिमज्जा उपाशी, अशी गत होते. वर रिपोर्टही फसवतो. समजा हिमोग्लोबिन ९.८ आहे, फेरिटिन, म्हणजे साठ्यातल्या लोहाचा अंदाज देणारं प्रथिन, ७० आहे आणि दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला आहे. ७० हा आकडा लॅबच्या मर्यादेत बसतो, म्हणून कागदावर त्याखाली रेघ नसते. पण फेरिटिन दाहामुळेही वाढतं. दाह असताना १०० च्या आतला आकडा पाहिला, की लोहाची कमतरता असू शकते असं धरून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघायचं, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरलाय ते. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर संशय पक्का होतो. थकवा हे एमएसचं नेहमीचंच लक्षण, त्यामुळे सगळं खापर एमएसवर फुटतं आणि ही तपासणी राहून जाते. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, तिथे ही राहून जाण्याजोगी गोष्ट आहे का?

हे झालं रक्ताचं. मेंदूचा कारभार वेगळा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर असतो तो मेंदूला लागेल तेवढंच लोह मोजून आत घेतो, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतल्या लोहाचा अंदाज बांधता येत नाही. मेंदूत सगळ्यात जास्त लोह बाळगणाऱ्या पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे मायलिन घडवणाऱ्याच पेशी. मायलिन बहुतांशी मेदाचं असतं, तो मेद आणि कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना लोह लागतं, शिवाय त्या कामाला ऊर्जाही भरपूर लागते.

हे डोळ्यांनी पाहायची रीत फार जुनी आहे, १८६७ सालची. मेंदूचा पातळ काप घ्यायचा, त्यावर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. जिथे लोह असेल तिथे निळा रंग चढतो. एमएसच्या रुग्णाच्या मेंदूचा काप असा रंगवला, की काही जुन्या चट्ट्यांचं पोट कोरं दिसतं आणि भोवती निळी कड उमटते. चट्ट्याच्या आतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट मेल्या, त्यांचं लोह सांडलं, ते कडेच्या मायक्रोग्लिया पेशींनी, म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशींनी गिळलं. दाहाच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असतं. मोकळ्या फेरस लोहाशी त्याची गाठ पडली, की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो आणि तो जे हाती लागेल ते जाळतो. लोह गिळलेल्या मायक्रोग्लिया पुढे स्वतःच खंगतात, मरतात आणि लोह पुन्हा सांडतं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हा क्रम मांडला. त्याच अभ्यासात एक उलटी गोष्टही होती. आजार जुना होत जातो तसं चट्ट्यांबाहेरच्या, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या पांढऱ्या भागातलं लोह कमी होत जातं. म्हणजे एकाच मेंदूत एका जागी लोह सांडलेलं आणि दुसऱ्या जागी कामापुरतंही नाही. ‘मेंदूत लोह साठतं’ हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे.

ती कड आता जिवंत माणसाच्या एमआरआयमध्येही दिसते, विशिष्ट पद्धतीने चित्र घेतलं तर. अशा कडवाल्या चट्ट्यांची संख्या चार किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांना अपंगत्व लवकर येतं, असं २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं. निदानाच्या नव्या मॅकडोनाल्ड निकषांतही या कडेला जागा मिळाली आहे.

याच लोहापायी एक मोठा गोंधळ झाला, तोही सांगतो. २००९ मध्ये इटलीतल्या फेरारा शहरातले डॉ. पावलो झांबोनी म्हणाले, की एमएसमध्ये मानेच्या शिरा अरुंद झालेल्या असतात, रक्त मागे तुंबतं आणि त्यातलं लोह मेंदूत झिरपतं. उपाय काय, तर फुगा घालून शिरा रुंद करायच्या. एमएसचे चट्टे छोट्या शिरांभोवती पडतात आणि तिथे लोह असतं, हे खरंच होतं. पण ते लोह तुंबलेल्या रक्तातलं आहे, हे कुणी दाखवलेलं नव्हतं. तरी कॅनडातून रुग्णांची रांग लागली, कुणी पोलंडला गेलं, कुणी आपल्याकडे भारतात आलं आणि पदरचे पैसे घालून या शिरा फुगवून घेतल्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये धोक्याचा इशारा दिला. शेवटी २०१७ मध्ये झांबोनींनीच केलेल्या चाचणीत या उपायाचा उपयोग होत नाही असं निघालं आणि त्यांनी ते छापलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आपल्याकडच्या ज्यांनी हा धंदा केला, त्यांपैकी कुणी पैसे परत केल्याचं मी ऐकलेलं नाही.

तेव्हा रक्तात लोह कमी असेल तर मेंदूतल्या कडेला भिऊन आयर्नच्या गोळ्या बंद करू नका. तसंच, अशक्तपणा वाटतोय म्हणून रिपोर्ट न पाहता त्या सुरूही करू नका, कारण घेतलेलं जास्तीचं लोह बाहेर निघत नाही. लोह बांधून बाहेर काढणारी औषधं एमएसवर अगदी थोड्या रुग्णांत वापरून पाहिली गेली आहेत, पण त्यातून उपचार म्हणावा असं काही हाती आलेलं नाही.

गोळी घ्यायचीच असेल तर तिच्यासोबत चहा नको आणि कॅल्शियमची गोळीही नको. तुमच्यापैकी अनेकांना स्टिरॉइडच्या कोर्सनंतर कॅल्शियम लिहून दिलेलं असतं. ते सकाळी घेत असाल तर लोह संध्याकाळी घ्या. आणि डॉक्टरांना एक विचारा, की रोज घेऊ की एक दिवसाआड? आयर्नच्या एका गोळीनंतर साधारण २४ तास हेप्सिडिन चढलेलं राहतं, दार बंद असतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. लोहाची कमतरता असलेल्या तरुण बायकांवर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात एक दिवसाआड दिलेल्या गोळ्यांमधून लोह जास्त शोषलं गेलं होतं. अभ्यासातल्या या बायका एमएसच्या रुग्ण नव्हत्या, म्हणून परस्पर बदल न करता डॉक्टरांना विचारूनच ठरवा.