नदीपल्याडची बाटली

(दृश्य : डेट्रॉइट नदी, पहाट. पुलावर ट्रकची रांग.)

हा अँबॅसेडर पूल. अलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट, पल्याड कॅनडातलं विंडसर.

जुलै 2019 मध्ये मधुमेहाच्या रुग्णांची एक बस डेट्रॉइटहून विंडसरमधल्या औषधाच्या दुकानात गेली. सोबत सिनेटर बर्नी सँडर्स होते. सगळे इन्शुलिन घ्यायला आले होते. इथे ते अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात मिळत होतं.

(दृश्य : तळहातावर बाटली.)

10 मिलिलिटरची ही बाटली, ह्युमालॉग नावाच्या इन्शुलिनची. 1996 साली अमेरिकेत आली तेव्हा किंमत 21 डॉलर. 2019 पर्यंत 275. आतलं औषध तेच राहिलं.

अमेरिकेत किंमत कंपनीच जाहीर करते. मग विमा कंपन्यांच्या वतीने मध्यस्थ येतात आणि सूट मागतात. मोठी सूट देता यावी म्हणून मूळ आकडा आणखी चढतो. विमा नसलेल्या माणसाच्या हातात येतो तो हाच चढलेला आकडा. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही केवढी मोठी सरकारी योजना! पण 2003 च्या कायद्याने सरकारला तिच्यासाठी कंपन्यांशी भाव करायलाच मनाई केली. ती मनाई 2022 मध्ये उठली, तीही मोजक्या औषधांपुरती.

कॅनडात पेटंट असलेल्या औषधांच्या किमतींवर 1987 पासून एक सरकारी मंडळ लक्ष ठेवतं. इतर देशांतले भाव समोर ठेवून कंपनीला जाब विचारतं. जपानमध्ये तर तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्याचे दर सरकार ठरवतं, दर 2 वर्षांनी नव्याने, आणि ते देशभर लागू होतात. भाव करायला कोण बसलंय, यावर बिलाचा आकडा ठरतो.

(दृश्य : लंडन, ऑन्टारिओ. जुनं घर, जिना, खोलीतला पलंग.)

विंडसरहून सुमारे 2 तासांवरचं हे घर इन्शुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक, डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांचं. दवाखाना चालत नव्हता. 31 ऑक्टोबर 1920 च्या रात्री 2 वाजता ते याच खोलीत उठले आणि स्वादुपिंडाविषयी सुचलेली कल्पना त्यांनी वहीत उतरवली. पुढच्या उन्हाळ्यात टोरोंटोत चार्ल्स बेस्ट यांच्यासोबत कुत्र्यांवर प्रयोग झाले. जेम्स कॉलिप यांनी स्वादुपिंडातून काढलेला अर्क, म्हणजे इन्शुलिन, शुद्ध केला. 11 जानेवारी 1922 ला 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते नीट लागू पडलं नाही. 23 तारखेला शुद्ध अर्क टोचला आणि साखर उतरली. हाडं उरलेला तो मुलगा आणखी 13 वर्षं जगला.

(दृश्य : पेटंटचा कागद.)

1923 मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला विकले. प्रत्येकी 1 डॉलरला. आजचं इन्शुलिन त्याहून सुधारलेलं आहे, हे खरं. पण त्याचं मूळ या कागदात आहे.

येल विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रातल्या पाहणीत चारांतल्या एका रुग्णाने पैशांपायी डोस कमी केल्याचं सांगितलं. 2023 पासून मेडिकेअरच्या रुग्णांना इन्शुलिनसाठी महिन्याला 35 डॉलरहून जास्त द्यावे लागत नाहीत.

(दृश्य : घरासमोरची ज्योत, संध्याकाळ.)

ही ज्योत 1989 साली पेटवली. मधुमेह कायमचा बरा करणारा उपचार सापडेपर्यंत ती तेवत ठेवायची आहे.

(दृश्य : पुलावरून परतणारी वाहनं. निवेदन नाही.)