लिंबोणीला तहान नाही, धाप लागलीय

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'कुंडीतलं लिंबू कसं वाचवावं', वेळ अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली. ओळख काय, तर बँकेतून रिटायर आणि गच्चीत चौदा कुंड्या. (हशा) लिंबाकडं येतोच, पण आधी पाण्याचं बोलू द्या, माझं सगळं म्हणणं तिथंच अडकलंय.

लातूरकरांना २०१६ सांगायची गरज नाही. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, टीव्हीवाले आले, पाहुण्यांचे फोन यायलेत की घागरी पाठवू का. आमच्या गल्लीत टँकरचा नेम नव्हता, रात्री दोनला हॉर्न वाजला की बनियनवर पळायचं. माणसाला प्यायला नाही तिथं झाडाला कुठलं? हिनं नियमच केला, भाजी धुतलेलं पाणी तेवढं लिंबोणीला, ते पण चार दिवसाला एक तांब्या. पानं गळाली, फांद्यांच्या काड्या झाल्या, मी म्हणलं गेली ही. जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि थोड्या दिवसांत त्या काड्यांवर पांढरी फुलं! मला वाटलं चमत्कार. जालन्याकडचे आमचे एक पाहुणे मोसंबीवाले, ते नुसते हसले. म्हणे भाऊजी, ह्याला आम्ही ताण म्हणतो, बागेचं पाणी मुद्दाम तोडायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की परत सोडायचं, मग बहार फुटतो. म्हणजे दुष्काळानं आमच्या गच्चीत फुकटात मृग बहार धरला होता!

गंमत पुढं आहे. त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं, नळ सुरू झाले, आणि मी सुटलो. सकाळी मगभर पाणी, संध्याकाळी मगभर. आपण तहानेली माणसं, पाहुणा दारात आला की आधी तांब्या पुढं करतो, आपली माया म्हणजे पाणीच. दोन वर्षांत लिंबोणी पिवळी. पिवळी दिसली की अजून पाणी. त्यात आरओचं वाया जाणारं पाणी पण तिलाच, बोअरचे क्षार सगळे त्यात उतरलेले, कुंडीच्या काठाला पांढरा थर, पानांच्या कडा जळालेल्या. वरून गल्लीचे सल्ले, चहाचा चोथा, ताक, अंड्याची टरफलं, मूठभर युरिया. एकजण म्हणाले खोडात खिळा ठोका, लोह मिळतं. (हशा) हसू नका, मी ठोकला. (मोठा हशा)

नर्सरीचं बोलूच नये, पण बोलतो. मोसंबीचं कलम म्हणून एक आणलं, जोरात वाढलं, बोटभर काटे, मी तीन वर्षं खूश. मग कळलं वरची मोसंबी कधीच मेलीय, ज्याच्यावर कलम बांधलं त्या खालच्या खुंटाची जंभेरी, म्हणजे रानटी लिंबू, वाढायलीय! तर कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा दिसला की लगेच मोडा.

चिठ्ठी आली, सात मिनिटं म्हणतेत. बरं, पळवतो.

खत नाही, पाणी नाही, आधी झाड कुंडीतून काढा आणि मुळं बघा. टणक, फिकट ती जिवंत. काळी, वास मारणारी, चिमटीत धरली की साल निघून येणारी ती सडलेली, कापा, आणि जेवढी मुळं गेली त्या मापात वरच्या फांद्या पण. फांदी नखानं खरवडा, आत हिरवं दिसलं तर तिथवर जीव आहे. शेतातली काळी माती कुंडीत नको, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, कापूस येईल तिच्यात, लिंबू गुदमरतं, त्याला धाप लागते. पोयटा म्हणजे गाळाची माती, जाडी वाळू, कुजलेलं शेणखत, तिन्ही सारख्या मापात घ्या. खोड मातीत गाडू नका, डिंक्या लागतो, म्हणजे साल कुजून डिंक गळतो. पाणी, दोन बोटं माती कोरडी लागली तरच, पण मग भोकातून वाहीपर्यंत. खत नवी पालवी फुटल्यावर. जुनी पानं पिवळी तर बहुधा नत्र कमी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर बहुतेक लोह. ते मातीत असलं तरी आपल्या चुनखडीच्या पाण्यानं झाडाला लागत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला लागेल अशा रूपातलं, ते पानांवर फवारा, खिळा नाही! पानावर चिमणीच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी आहे, हातानं वेचा. मे महिन्यात कुंडी स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, दुपारी हिरवी नेट. आणि ताणाचं ऐकून घरी जाऊन पाणी तोडू नका हो, आजारी झाडाला ताण नसतो.

खिळा काढला का? कोण विचारलं? नाही, सालीनं गिळला तो. लिंबं धरायलीय मात्र, येताना सात आणलीत, चहावाल्याकडं दिलीत.