शेतवाटांचा फ्लांडर्स

मित्रहो,

विषय सायकलचा असला, तरी सुरुवात मला एका कायद्यापासून करावी लागेल. बेल्जियम स्वतंत्र झाला १८३० साली. अकराच वर्षांनी, १० एप्रिल १८४१ रोजी, तिथे गावरस्त्यांचा कायदा झाला. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतले सगळे लहानमोठे रस्ते मोजायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, रुंदी लिहायची आणि नकाशावर आणायचे, असं त्यात ठरलं. शेताकडे जाणारी वाट, चर्चकडे जाणारी पायवाट, गिरणीची वाट, ओढ्याकाठची वाट, सगळं त्यात आलं. पुढच्या काही वर्षांत हे नकाशे तयार झाले आणि आज ते इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. आजच्या उपग्रहचित्रावर तो जुना नकाशा ठेवला की कुठली वाट टिकली, कुठली नांगराखाली गेली आणि कुठल्या वाटेवर कोणी परसदार वाढवलं, ते स्पष्ट दिसतं.

ग्रॅव्हल सायकलिंगसाठी, म्हणजे खडीच्या-मातीच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवण्यासाठी, फ्लांडर्सला, म्हणजे बेल्जियमच्या उत्तर भागात, जावं असं मी म्हणतो, ते या नकाशामुळे. अमेरिकेतल्यासारखे शेकडो किलोमीटरचे निर्मनुष्य खडीचे रस्ते इथे मिळणार नाहीत. अख्खा फ्लांडर्स आपल्या नाशिक जिल्ह्याहून लहान आहे आणि त्यात अडुसष्ट लाखांच्या आसपास माणसं राहतात. दर दोन-तीन किलोमीटरवर चर्चचा मनोरा दिसतो. पण एका गावातून दुसऱ्या गावात जायला डांबरी रस्त्याशिवाय आणखी दोन-चार वाटा असतातच. आपल्याकडे ज्यांना पाणंद म्हणतात, त्याच जातीच्या या वाटा. तिथले लोक त्यांना 'मंद वाटा' म्हणतात. मोटारीच्या उपयोगाच्या नाहीत म्हणून त्या उरल्या, आणि चालणारे, घोडेस्वार, शेतकरी नि सायकलवाले त्यांवरून जात राहिले म्हणून त्या जिवंत आहेत.

इथे कायद्याचा एक बारकावा सांगायलाच हवा. जुन्या कायद्याप्रमाणे लोक वाट वापरत असतील तोवर तिच्यावरचा हक्क जात नसे. तीस वर्षं कोणीच फिरकलं नाही, तर जाऊ शके. २०१९ साली नवा कायदा आला. आता नगरपरिषदेने रीतसर ठराव केल्याशिवाय वाट रद्द होत नाही. उलट, एखाद्या पट्ट्यावरून लोक तीस वर्षं ये-जा करत आले असतील, तर तिला सार्वजनिक वाट म्हणून मान्यता मिळू शकते. म्हणजे तुमच्या टायरचा ठसाही त्या वाटेच्या बाजूचा पुरावा आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता जमिनीबद्दल. फ्लांडर्स सपाट आहे असं सगळे धरून चालतात, पण चाकाखालची माती तीनदा बदलते. समुद्रकाठी पोल्डरची, म्हणजे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीची, भारी चिकणमाती, ईशान्येला केम्पेनची वाळू, आणि दक्षिणेला हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर, पिठासारखी लोएस. ग्रॅव्हलची खरी मजा या दक्षिण पट्ट्यात आहे. औदेनार्दे, रोन्से, झ्वाल्म, गेरार्ड्सबर्गेन हा टापू 'फ्लेमिश आर्देन' म्हणून ओळखला जातो. टेकड्या फार तर दीडशे मीटरच्या, पण चढ अंगावर येणारे. कोप्पेनबर्ग सहाशे मीटरच लांब आहे, तरी त्याचा सर्वांत उभा तुकडा २२ टक्क्यांचा आहे.

१९१३ साली सुरू झालेल्या 'रोंडे' या सायकल शर्यतीमुळे या टेकड्यांवरचे दगडी रस्ते जगाला ठाऊक झाले. साठ-सत्तरच्या दशकांत असे रस्ते भराभर डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा शर्यतीच्या लोकांनी ते शोधून शोधून मार्गात घेतले. काहींना आता वारशाचं संरक्षण आहे. पाटरबर्गची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. शर्यत आपल्या दारावरून जावी अशी एका शेतकऱ्याची इच्छा होती, म्हणून १९८६ मध्ये त्या चढावर दगड बसवले गेले. आज शर्यतीचा शेवटचा चढ तोच असतो. पण या नामांकित चढांच्या मधे काय आहे, ते टीव्हीवर दिसत नाही. मधे आहेत खोल वाटा. शतकानुशतकं बैलगाड्यांची चाकं फिरली, पावसाने सैल माती वाहून नेली, आणि वाट शेताच्या पातळीपासून दोन-तीन मीटर खाली गेली. दोन्ही बाजूंना मातीचे उभे काठ, त्यांतून बाहेर आलेली झाडांची मुळं, वर हेझेल आणि हॉथॉर्नच्या फांद्यांचं छत. जुलैच्या दुपारीही आत गारवा असतो. अशा वाटेने खाली उतरताना ब्रेक हळू धरावा, कारण वळणापलीकडे घोडा असू शकतो.

ऑक्टोबरनंतर हाच भाग वेगळा होतो. साखरबीटची काढणी सुरू होते. यंत्राने उपसलेल्या बीटचे लांबच लांब ढीग शेताच्या कडेला लागतात, आणि ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली लोएस रस्त्यावर पडते. त्यावर पाऊस पडला की ती भिजलेल्या साबणासारखी निसरडी होते. वळणावर सायकल कलवायचीच नाही, सरळ ठेवून जायचं. आणि माती फोर्कमध्ये इतकी भरते की चाक फिरेनासं होतं. तिथले जाणते लोक अशा वेळी हेझेलची एक काडी तोडून घेतात आणि थांबून माती कोरून काढतात. टायर आणि फ्रेममध्ये भरपूर जागा असलेली सायकल लागते, ती यासाठी. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आणि सत्तर किलोच्या माणसाला ३० ते ३५ पीएसआय हवा पुरते. दगडांवर मुठी घट्ट आवळू नका, एक गिअर जड ठेवा आणि पेडल थांबवू नका.

गेरार्ड्सबर्गेनला पोचलात तर तिथली माटेनटार्ट जरूर खा. दूध आणि ताक तापवून फाडायचं, तो चोथा गाळून त्यात अंडी, साखर, बदाम घालायचे आणि पापुद्र्याच्या आवरणात भाजायचं, असा हा पदार्थ. त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. चढ चढून आल्यावर त्याची चव कळते.

वाट चुकण्याची भीती मनात असेल तर ती काढून टाका, कारण अंकांची पद्धत आहे. तिची कहाणी मला सगळ्यात आवडते. लिम्बर्ग प्रांतात १९०१ मध्ये कोळसा सापडला. पुढे सात खाणी निघाल्या. खाणीत आधाराला लाकूड लागतं, म्हणून केम्पेनच्या वाळूवर पाइनची जंगलं मोठ्या प्रमाणावर लावली गेली. १९९२ मध्ये शेवटची खाण, झोल्डरची, बंद झाली. हजारो घरांची रोजीरोटी गेली होती, प्रांताला नवं काहीतरी हवं होतं. ह्यूगो बोलेन नावाचे खाण अभियंते होते. जमिनीखाली बोगद्यांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक असतो आणि माणूस त्यावरून मार्ग काढतो, हे त्यांना पाठ होतं. तीच रीत त्यांनी जमिनीवर आणली. १९९५ मध्ये लिम्बर्गमध्ये सायकलमार्गांचं पहिलं जाळं उभं राहिलं: प्रत्येक नाक्यावर एक अंक, आणि पुढच्या नाक्यांकडे बाण दाखवणाऱ्या निळ्या-पांढऱ्या पाट्या. घरी बसून अंकांची यादी करायची, चिठ्ठी सायकलच्या दांडीवर चिकटवायची आणि निघायचं. आज ही पद्धत सगळ्या फ्लांडर्समध्ये आहे, नेदरलँड्समध्ये आहे, जर्मनीच्या काही भागांतही पोचली आहे. ज्या प्रांताने कोळसा गमावला, त्याने जगाला वाट शोधायची इतकी सोपी रीत दिली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

एवढं मात्र लक्षात ठेवा की हे जाळं साध्या सायकलींसाठी आखलेलं आहे, त्यामुळे त्यात काँक्रीट आणि डांबर भरपूर. ग्रॅव्हलवाल्याने अंकांचा सांगाडा घ्यावा आणि मधल्या मंद वाटा जुन्या नकाशावरून भराव्यात. केम्पेनच्या पाइनच्या जंगलांत हे फार छान जमतं. वाळूत पुढचं चाक रुतायला लागलं की वजन मागे घ्या.

पश्चिमेला मी तुम्हाला एकच वाट सांगतो, पण ती चुकवू नका. न्यूपोर्ट ते डिक्समाउडे असा एक जुना रेल्वेचा भराव आहे. रूळ गेले, आता त्यावरून सायकली जातात. आजूबाजूच्या शेतापेक्षा तो जेमतेम थोडा उंच आहे, आणि या थोड्याशा उंचीवर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये एका देशाचं भवितव्य ठरलं. बेल्जियमचं सैन्य आयझर नदीपर्यंत मागे रेटलं गेलं होतं. तेव्हा त्यांनी या भरावाखालच्या मोऱ्या बुजवल्या आणि न्यूपोर्टचे, समुद्राचं पाणी अडवणारे दरवाजे भरतीला उघडायचे, ओहोटीला बंद करायचे, असं रात्रीमागून रात्री केलं. हेंड्रिक गेरार्ट या नावाड्याला ते दरवाजे ठाऊक होते. समुद्र शेतांत शिरला, नदी आणि भराव यांच्यामधला पट्टा पाण्याखाली गेला आणि जर्मन सैन्य थांबलं. पुढची चार वर्षं आघाडी इथेच राहिली. भरावाच्या कडेला काँक्रीटच्या चौक्या अजून आहेत. वारा समोरून असला तर हे अंतर लांबतं, आणि तिथे वारा बहुधा असतोच.

तिथून ईपरला जा. मेनिन दरवाज्यावर ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चौपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत हिंदुस्थानी नावंही आहेत. गावाच्या दक्षिणेला कधीच पूर्ण न झालेल्या एका कालव्याच्या काठाने, झाडीतून सुंदर वाट जाते. त्या बाजूला होलेबेके गाव आहे. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी तिथे खुदादाद खान मशीनगनवर एकटे उरले आणि जखमी असूनही गोळ्या झाडत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक. त्यांची १२९ वी बलुची पलटण मूळची मुंबई लष्कराची. मराठी माणसाने तिथे सायकल टेकवून थोडं थांबावं असं मला वाटतं.

आता शर्यतीचं थोडक्यात. ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत सुरू झाली, आणि पहिला विजेता बेल्जियमचाच होता, जियानी व्हर्मिर्श. २०२४ मध्ये ती फ्लेमिश ब्राबांतमध्ये, हाले ते लूव्हेन अशी झाली. महिलांत मारियान व्होस आणि पुरुषांत माथ्यू व्हान डर पूल जिंकले. सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखलवाळूतल्या सायकल शर्यती, खेळत वाढलेली ही मंडळी. चिखलात सायकल कशी हाताळायची ते त्यांना शिकवावं लागत नाही.

स्पर्धेनंतर त्या मार्गांवर गर्दी वाढली, आणि इथे मला थोडं ठामपणे बोलायचं आहे. या वाटा शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत. ट्रॅक्टर आला तर तुम्ही थांबा, तो थांबणार नाही आणि त्याने थांबूही नये. पिकातून वळसा घालू नका. फक्त चालणाऱ्यांसाठी आखलेल्या वाटांवर वेगळ्या पाट्या असतात, तिथे सायकल नेऊ नका. एप्रिलमध्ये हालेच्या जंगलात जमीन निळ्या फुलांनी भरते. वाटेबाहेर टाकलेलं एक चाकही ती फुलं चिरडतं. सायकलवाल्यांच्या वागण्यावरून चिडलेला एखादा जमीनमालक नगरपरिषदेकडे गेला, तर वाट बंद करण्याची मागणी तिथूनच सुरू होते.

जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबरमध्ये जा. रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट काढून औदेनार्देला उतरा; रोंडेचं संग्रहालय तिथेच आहे आणि पाट्या लावलेल्या तीन फेऱ्याही तिथून सुरू होतात. आणि जुन्या नकाशावर असलेली वाट प्रत्यक्षात तारेने बंद केलेली दिसली, तर परत फिरा, पण त्या जागेचा फोटो घ्या आणि नगरपरिषदेला कळवा. तिथल्या गावोगावचे स्वयंसेवक हेच करतात. अशा तक्रारींवरून ठिकठिकाणी वाटा पुन्हा खुल्या झाल्या आहेत.

तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ या.