कॉन्टिनेंट : सलग जमिनीची गोष्ट

(दृश्य : बॉस्फरसवरचा पूल, गाड्यांची रांग)

इस्तंबूलच्या या पुलावर एक पाटी आहे : आशियात आपलं स्वागत आहे. उलट दिशेनं येणाऱ्यांना युरोपची पाटी दिसते. खालची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर. कितीतरी लोक सकाळी आशियातून युरोपात कामाला जातात आणि संध्याकाळी जेवायला आशियात परततात. फेरीबोटीतला चहाचा छोटा पेला संपेपर्यंत खंड बदललेला असतो.

आता हाच प्रवास जमिनीवरून करू. इस्तंबूलच्या युरोपीय बाजूनं निघायचं. बल्गेरिया, रोमानिया, युक्रेन, रशिया, मग कॉकेशस ओलांडून जॉर्जिया. काळ्या समुद्राला पूर्ण वळसा घालून आपण तुर्कस्तानातच, पण आशियात उतरतो. वाटेत नद्या लागल्या, डोंगर लागले. समुद्र कुठेच ओलांडावा लागला नाही. मग हे दोन वेगळे कॉन्टिनेंट कसे?

(दृश्य : जुनी लॅटिन हस्तलिखितं)

लॅटिनमध्ये ‘तेर्रा कॉन्तिनेन्स’ म्हणजे सलग जमीन. ‘कॉन’ म्हणजे एकत्र, ‘तेनेरे’ म्हणजे धरणं. न्हावा शेवाच्या रस्त्यावर आपली वाट अडवणारा कंटेनर याच घराण्यातला. इंग्रजीत ‘कॉन्टिनेंट’चा आणखी एक अर्थ आहे, संयमी, स्वतःला आवरून धरणारा. लघवीवर ताबा राहत नसेल तर डॉक्टर कागदावर ‘इनकॉन्टिनन्स’ लिहितात, तेही इथूनच आलं.

आपला ‘खंड’ मात्र तोडण्याच्या धातूतून आलाय. इंग्रज ज्याला सलग म्हणतो, त्याला आपण तुकडा म्हणतो. नकाशा पाहिला की आपलाच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

सतराव्या शतकात पीटर हेलिन या इंग्रज लेखकानं कॉन्टिनेंटची व्याख्या केली : उरलेल्या जगापासून समुद्रानं न तुटलेला जमिनीचा मोठा विस्तार. उदाहरण म्हणून त्यानं युरोप, आशिया आणि आफ्रिका ही तिन्ही नावं एका दमात घेतली. पण ही तीन नावं ग्रीकांपासून चालत आलेली. त्यातही ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तेव्हाच कुरकुरला होता, की जमीन एकच असताना तिला तीन नावं, तीही बायकांची, का दिली हे काही मला कळत नाही.

(दृश्य : उरल पर्वत, बर्फातला सीमास्तंभ)

युरोप संपतो कुठे, हा प्रश्न तर माणसांनी आपापसात मिटवला. आधी डॉन नदी ही सीमा मानत. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी रशियाविरुद्धच्या पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या कैदेत पडला आणि बरीच वर्षं सायबेरियात राहिला. सुटून गेल्यावर १७३० साली त्यानं ग्रंथ छापला, त्यात सीमा उरल पर्वतावर नेली. रशियाचा भूगोलकार तातिश्चेव म्हणाला, ही कल्पना मुळात माझी. श्रेय कुणाचंही असो, युरोपीय म्हणवून घेऊ पाहणाऱ्या रशियाला ही रेघ सोयीचीच होती. आज पर्यटक तिथल्या स्तंभापाशी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात.

ब्रिटनमध्ये ‘द कॉन्टिनेंट’ म्हणजे खाडीपलीकडचा युरोप, आपण सोडून बाकीचे. हॉटेलातला कॉन्टिनेंटल ब्रेकफास्ट तिथला. ‘खाडीत धुकं, कॉन्टिनेंट एकाकी’ असा मथळा एका ब्रिटिश वर्तमानपत्रात आला होता म्हणतात. विनोदच असावा, पण स्वभाव बरोबर पकडलाय.

अटलांटिकपलीकडे याच शब्दानं राजकारण केलं. अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहतींकडे किनाऱ्यालगतचा पट्टा, पण १७७४ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या सभेचं नाव कॉन्टिनेंटल काँग्रेस. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या हाताखाली उभी राहिली ती कॉन्टिनेंटल आर्मी. १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेननं ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेत थेट विचारलं, एका बेटानं अख्ख्या कॉन्टिनेंटवर कायम राज्य करावं हे हास्यास्पद नाही का? लढाईचा खर्च भागवायला काँग्रेसनं छापलेल्या नोटाही कॉन्टिनेंटलच. त्या इतक्या घसरल्या, की कवडीमोल वस्तूला ‘नॉट वर्थ अ कॉन्टिनेंटल’ म्हणायची पद्धत पडली.

खंड किती, यावर जगाचं अजून एकमत नाही. आपण शाळेत सात शिकतो. लॅटिन अमेरिकेत दोन्ही अमेरिका मिळून एक, रशियात युरोप-आशिया मिळून एक.

(दृश्य : समुद्रतळाचा नकाशा, न्यूझीलंड)

भूशास्त्रज्ञ आता किनारा बघत नाहीत, खालचं कवच बघतात. त्याची जाडी, त्यातले खडक, भोवतालच्या समुद्रतळापेक्षा ते किती उंच. २०१७ साली निक मॉर्टिमर आणि सहकाऱ्यांनी याच कसोट्यांवर झीलँडिया हा स्वतंत्र खंड असल्याचं मांडलं. क्षेत्रफळ ४९ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दीडपट. त्यातला ९४ टक्के भाग पाण्याखाली आहे. वर दिसतात ती मुख्यतः न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनियाची बेटं, एकमेकांपासून तुटलेली.