पोच

(जिल्हाधिकारी कार्यालयाचं फाटक, सकाळ. टेम्पोतून मांडवाचे बांबू उतरतायत.)

पुण्यात धरणं धरायचं म्हटलं की जागा ठरलेली, कलेक्टर कचेरीसमोर. मांडव दोन तासांत उभा राहतो. कागद मात्र आठवडाभर आधीपासून हलायला लागतो.

(टेबल. अर्जाच्या दोन प्रती.)

अर्ज हद्दीतल्या ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे. जागा, तारीख, सुरू होण्याची आणि उठण्याची वेळ, माणसं अंदाजे किती, गाड्या किती, मांडव केवढा, भोंगा लागणार का, जबाबदार दोघातिघांचे मोबाइल नंबर. शेवटी सवयीनं लिहिलं जातं, 'परवानगी मिळावी ही विनंती'. मुरलेले कार्यकर्ते लिहितात, 'याद्वारे कळवीत आहोत'. या शब्दाला आधार आहे. १९७२ साली हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रस्त्यावरच्या सभेचं नियमन पोलिसांनी जरूर करावं. पण ती होऊ द्यायची की नाही हे निव्वळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तिथं रद्द झालेला नियम मुंबई पोलीस कायद्याखालचाच होता. आज आपण त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतो.

(शिक्का, अगदी जवळून.)

गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. चारही हवेत. ही पोच. नुसता शिक्का घेऊन परतलं, की 'असा अर्ज आलाच नाही' म्हणायला वाट मोकळी. 'साहेब नाही म्हणतायत' हा फोनवरचा निरोपही तसाच. याचिकेला तो जोडणार कसा? नकार लेखी मागायचा, कारणासकट, आणि लवकर. मोर्चा रविवारी आणि नकार शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे मुंबईला हायकोर्टात धावायला दिवसच उरत नाही.

(हातात नोटीस.)

आदल्या रात्री ही येते. जुने लोक अजून '१४९ची' म्हणतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून. १ जुलै २०२४पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची झाली. घाबरून कार्यक्रम रद्द करणारे पुष्कळ. ही समज आहे, बंदी नव्हे. नीट वाचा.

(फलकावरचा जमावबंदी आदेश.)

बंदी असते ती इथे, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७मध्ये. पोटकलम १च्या यादीत काठी आहे, दगड आहे, पुतळा आहे, घोषणा आणि गाणंसुद्धा आहे. झेंड्याचा बांबू काठीत धरला जातो, म्हणून हे फलक सुतळीनं गळ्यात. पोटकलम ३ जमावाचं. ते १५ दिवसांपलीकडे न्यायचं तर सरकारची मंजुरी लागते. पुण्यातले आदेश बहुधा १४ दिवसांचे निघतात, ते उगाच नव्हे.

(भोंगा. मागे ससून.)

रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा ५० डेसिबल. दोघांच्या साध्या गप्पा ६०च्या घरात जातात. भोंग्याची जागा टेपनं मोजूनच ठरवावी.

(घोषणा. मूळ आवाज, निवेदन नाही.)

जमावबंदी आदेश मोडला तर पोलीस कायद्याच्याच कलम १३५खाली गुन्हा, मग तारखा.

(संध्याकाळ. बांबू पुन्हा टेम्पोत.)

फलकावरच्या आदेशाची मुदत आज रात्री १२ला संपते. शेजारी नवा लागलाय. मजकूर तोच, तारखा तेवढ्या पुढच्या.