आपल्याच पेशी आपल्यावर का उलटतात? टीरेगची गोष्ट

नमस्कार मंडळी! ल्युपस (शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते असा आजार) किंवा आमवात असलेल्या नातेवाइकाला 'इम्युनिटी वाढवा'वाल्या काढ्याची जाहिरात तुम्ही कधी फॉरवर्ड केली असेल, तर आजचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. या आजारांत रोगप्रतिकारक पेशी लढायला कमी पडत नाहीत. त्या जोरात लढतात, पण आपल्याच अवयवांशी.

आता या रोगप्रतिकारक पेशींपैकी टी पेशी बघू. त्या तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. प्रत्येक टी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे लक्ष्य ओळखून पकडणारा भाग, जनुकांचे तुकडे कसेही जोडून बनतो. त्यामुळे कुणाचा रिसेप्टर विषाणूला पकडतो, तर कुणाचा आपल्याच स्वादुपिंडाला. असल्या घातकी पेशी थायमसमध्येच मारल्या जातात. तरी काही निसटतातच. तुमच्या-माझ्या रक्तात आत्ताही त्या फिरतायत. मग आपण सगळे आजारी का नाही?

(स्क्रीनवर: उंदराचं पिल्लू)

उंदराच्या पिल्लाचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकला, तर काय होईल? टी पेशी घटतील, प्रतिकार दुबळा होईल, असंच वाटतं ना? झालं भलतंच. त्या उंदरांना ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटणारे, आजार जडले. जपानच्या शिमोन साकागुचींनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या आणि आजार टळला! म्हणजे टी पेशींमध्येच बाकीच्यांना आवरणाऱ्या काही पेशी होत्या. १९९५ साली त्यांनी त्या नेमक्या ओळखून दाखवल्या: पृष्ठभागावर सीडी४ आणि सोबत सीडी२५ ही ओळख पटवणारी प्रथिनं. नाव रेग्युलेटरी टी पेशी, लॅबमध्ये नुसतंच टीरेग.

तिकडे अमेरिकेत वेगळाच शोध चालू होता. १९४० च्या दशकात टेनेसीमधल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मले. कातडी खवल्यांची, प्लीहा सुजलेली, आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. आजारी पडायचे फक्त नर, कारण दोष एक्स गुणसूत्रावर होता आणि मादीकडे दुसरं शाबूत एक्स असतं. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधाचं क्षेत्र वीस जनुकांपर्यंत आणलं आणि एकेक तपासत गेले. दोष सापडला विसाव्या जनुकात! नशीब म्हणतात ते हेच. ते जनुक फॉक्सपी३. २००१ मध्ये कळलं की माणसाच्या मुलग्यांमधला आयपेक्स हा आजारही त्याच जनुकातल्या बिघाडाने होतो. तान्ह्या वयातच न थांबणारे जुलाब, एक्झिमा, टाइप १ मधुमेह. पुढे दोनच वर्षांत सिद्ध झालं की टीरेग घडवणारं जनुक हेच. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. बातमी आली तेव्हा रॅम्सडेल डोंगरात भटकत होते, फोन फ्लाइट मोडवर!

टीरेग आवरतात कसं? इतर टी पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ हे संदेश देणारं प्रथिन लागतं, ते टीरेग स्वतःच शोषून घेतात. शिवाय त्यांच्या अंगावर सीटीएलए-४ नावाचं प्रथिन असतं, तो ब्रेकच समजा. कर्करोगाच्या काही औषधांनी हाच ब्रेक मुद्दाम काढतात. मग गाठीवर हल्ला होतो खरा, पण काही रुग्णांचं आतडं किंवा थायरॉइडही सुजतं.

टाइप १ मधुमेहात निसटलेल्या टी पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. साखर वाढायच्या कितीतरी आधीपासून हे चालू असतं. म्हणूनच टी पेशींना शांत करणारं टेप्लिझुमॅब हे औषध वेळीच दिलं, तर आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलता येतो. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

बी पेशींचं काम वेगळं, त्या प्रतिपिंडं बनवतात. ल्युपसमध्ये ती आपल्याच डीएनएला चिकटतात आणि मूत्रपिंडाचं वाटोळं करतात. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत सोडल्या. लक्ष्य होतं बी पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन. त्यातले काही रुग्ण औषधांशिवाय बरे राहिले. अभ्यास छोटा आहे, हुरळून जाऊ नका. पण ही कार-टी पद्धत आपल्याला परकी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारपद्धतीला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. ती सध्या रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, पण निशाणा तोच, सीडी१९.

आणि तो काढा? स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं) चालू असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या परस्पर बंद करून तर मुळीच घेऊ नका.