मूल काय उत्तर देईल?

(बेळगावात बी.एड.च्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या सराव पाठांच्या वह्या मी पाहिल्या. अक्षर सुरेख, उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं जागच्या जागी, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन असे नेटके रकाने. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी एकच वाक्य आहे : ‘विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतात.’ आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे, कारण वर्गातली मुलं असं करत नाहीत.

इंग्लंडमध्ये मी पीजीसीई केलं, म्हणजे आपल्या बी.एड.सारखं पदवीनंतरचं शिक्षक-प्रशिक्षण. वर्षभराचा अभ्यासक्रम, त्यात किमान 120 दिवस प्रत्यक्ष शाळेत आणि तेही निदान दोन वेगवेगळ्या शाळांत काढावे लागतात. माझं पाठाचं टाचण हातात घेतलं की शाळेतल्या मार्गदर्शक मेंटरबाई आधी एकच गोष्ट शोधायच्या : इथं मुलं काय चुकीचं समजतील, हे लिहिलंय का? प्रस्तावना, साहित्य, गृहपाठ हे सगळं त्यानंतर.

आपल्या सीमाभागातलं उदाहरण घेऊ. दुसरीच्या वर्गात ‘त्रेपन्न’ म्हणा. काही मुलं 35 लिहितील. मराठीत तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर, आणि मूल ऐकलेल्या क्रमानंच लिहितं. ‘एकोणपन्नास’ला तर पन्नास ऐकून 59 लिहिणारी मुलं भेटतात. आता हेच मूल कन्नडच्या तासाला ‘ऐवत्तमूरु’ ऐकतं, तिथं पन्नास आधी. इंग्रजीतही तसंच. म्हणजे खानापूर किंवा निपाणीकडचं मूल एकाच दिवशी दोन उलट्या क्रमांनी संख्या ऐकत असतं. त्याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होतो. महाराष्ट्रात 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला! त्या वादात कुठल्याही बाजूला असा, मुलाची अडचण खरी आहे आणि तुमच्या टाचणात तिला जागा हवी.

अडचण लिहिली की साहित्य काय करायचं ते आपोआप कळतं. इंग्लंडमध्ये मुलांना संख्यापट्ट्या देतात. 50 ची पट्टी लांब, 3 ची आखूड. आखूड पट्टी लांब पट्टीच्या शून्यावर ठेवली की 53 दिसतं, आणि उचलली की खालचे पन्नास पुन्हा दिसतात. पाच हा नुसता पाच नाही, हे मुलाच्या बोटांना कळतं. यासाठी विकतचं काही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद उत्तम जाड असतो. त्याच्या जोडीला जोंधळ्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे ठेवा. आधी काड्या, मग पट्ट्या, मग नुसते अंक. हाताळणं, चित्र आणि चिन्ह असा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960च्या दशकात मांडला. आपल्याकडे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी परिसरातल्या वस्तूंचंच साहित्य केलं होतं.

म्हणून रंगीत तक्त्यांवर तुम्ही रात्री जागवता, ते पाहून मला वाईट वाटतं. भिंतीवरचा तक्ता निरीक्षकांना दिसतो. पट्टी मुलाच्या हातात असते.

आणि पाटी! इंग्लंडच्या वर्गांत मला जागोजागी छोटे पांढरे फळे दिसले. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, एकदम वर करायचं. हात वर करणाऱ्या चार हुशार मुलांच्या उत्तरांवर पाठ पुढे रेटला जात नाही, कारण मागच्या बाकावरचं 35 सुद्धा शिक्षकाला त्याच क्षणी दिसतं. आपल्याकडे पाटी होतीच, ती आपण बाजूला ठेवली. ती परत आणा. पाठाच्या मध्यावर एक प्रश्न आधीच ठरवून ठेवा, आणि टाचणात दोन ओळी लिहा : बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे काय, पाच-सहा जणांचं चुकलं तर काय.

टाचण किती लांब असावं, असं काहींनी विचारलं. 2016 मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं नेमलेल्या एका गटानं नियोजन आणि लेखी टाचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट म्हटलं, आणि पाठांच्या सलग मालिकेचा विचार करण्यावर भर दिला. तुम्हाला परीक्षेसाठी पूर्ण टाचण लिहावंच लागेल, ते लिहा. पण घटकातले चार-पाच पाठ एकत्र समोर ठेवून आधी विचार करा.

पाठ झाल्यावर पाट्यांवर आलेली चुकीची उत्तरं त्याच दिवशी टाचणाच्या मागच्या बाजूला उतरवा, कुणाचंही नाव न घालता. पट्ट्या एका पाकिटात, पाकिटावर घटकाचं नाव, आणि आत त्या उत्तरांची यादी. वर्ष संपताना ते पाकीट तुमच्या मागून येणाऱ्या तुकडीकडे द्या.